पाण्याची पाळी आणि माल्बेक

रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी, हे वाइनवरच्या कुठल्याही लेखात पहिल्या चार ओळींत येतं. हा नियम ज्यांनी घातला त्यांच्या खोल्या जाड दगडी भिंतींच्या होत्या आणि युरोपात होत्या. तिथं खोलीतलं तापमान म्हणजे 16 ते 18 अंश. आमच्या जळगाव-भुसावळकडं मे महिन्यात पंखा फुल सोडलेल्या खोलीत 38 असतं, बाहेरचं तर विचारूच नका. त्या तापमानाला साडेचौदा टक्के अल्कोहोलची माल्बेक, म्हणजे त्याच नावाच्या काळ्या द्राक्षाची गडद रेड वाइन, ग्लासात ओतली तर फळाचा वास बाजूला राहतो आणि आधी स्पिरिटच नाकात शिरतं. त्यामुळं खानदेशात भरल्या अंगाच्या रेड वाइनला हंगाम एकच, भरताचा. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी, दिवस मावळल्यावर, आणि शक्यतो शेतात.

माझ्याकडं दोन बाटल्या आल्या त्या मात्र एप्रिलात. पुतण्या मर्चंट नेव्हीत आहे, सुटीवर येताना त्यानं आणल्या. अर्जेंटिनाच्या मेंडोसा प्रांतातलं ऊको खोरं, तिथली माल्बेक. आपल्याकडं दुकानात अशी बाटली घ्यायची तर आयात शुल्कच 150 टक्के, वर राज्याचे कर. म्हणजे फुकट आलेल्या बाटलीची किंमत जास्तच कळते. पण ती डिसेंबरपर्यंत जपायची कशी? खानदेशातल्या उन्हाळ्यात बाटली कपाटात ठेवली तर आतली वाइन फुगून बूच वर ढकलते, आणि बूच हललं की हवा शिरलीच. माळ्यावर ठेवली तर शिजतेच. शेवटी फ्रिजच्या खालच्या भाजीच्या कप्प्यात, बूच सुकू नये म्हणून आडव्या. बायकोनं गणपतीपर्यंत सहन केलं. मग रोज सकाळी ऐकू यायला लागलं, "तुमच्या ह्या पाहुण्या आडव्या झोपतात आणि माझी मेथी चेंगरते." परवान्याचा प्रश्न नव्हता, तो माझ्याकडं आहे; मेथीचाच होता.

सासरवाडी यावल तालुक्यातली. केळीचा मुलूख, पण डिसेंबरात तिथं केळीला कोणी विचारत नाही. बामणोदची वांगी येतात तेव्हा. हिरवी, लांबट, हातात घेतली की वजन जाणवणारी, आत बिया कमी आणि गर जास्त. 2016 साली जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही. शेतात उकिडवं बसलेल्या माणसाला त्याचं काही नसतं. त्याचं सगळं लक्ष पऱ्हाट्यांवर. कापूस वेचून झाला की उरलेली कपाशीची वाळकी झाडं म्हणजे पऱ्हाट्या. त्यांचा ढीग रचायचा, वांगी आत खुपसायची आणि पेटवून द्यायचं. पऱ्हाटी भडकते झटकन आणि विझतेही झटकन. त्या पंधरा-वीस मिनिटांत वांग्याची साल काळी होऊन तडकते, देठापाशी रस खदखदायला लागतो आणि पऱ्हाटीचा धूर गरात उतरतो. गॅसवर भाजलेल्या वांग्याला हा धूर नसतो. पुण्यात लोक त्यालाही भरीत म्हणतात, म्हणोत बापडे.

मग सोलायचं काम, ते बोटं भाजतच करायचं. सोललेली वांगी बडगीत घालून लाकडी मुसळीनं ठेचायची. बडगी म्हणजे लाकडाची खोलगट परात. मिक्सर लावला तर भरताची पेस्ट होते. तेलात लसूण, ठेचलेल्या हिरव्या मिरच्या, मूठभर शेंगदाणे, वर पातीचा कांदा आणि कोथिंबीर. सोबत कळण्याच्या पुऱ्या, ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाच्या. अशी भरीत पार्टी डिसेंबरात जळगाव जिल्ह्यात रोज संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या शेतात असतेच.

बाटली तिथं काढली. मेहुणे माळकरी, ते हसून पलीकडं सरकले आणि जाळाकडं बघत बसले. बायकोचे मोठे काका, आबा, त्यांना मात्र कुतूहल. स्टीलच्या पेल्यात ओतली तर रंगच कळेना, म्हणून चहाचे काचेचे ग्लास धुऊन आणले. जाळाच्या उजेडात ग्लास धरला तेव्हा मध्यभागी ती जवळजवळ काळी होती, आरपार काही दिसत नव्हतं, आणि काठाला, जिथं थर पातळ होतो तिथं, झगझगीत जांभळट गुलाबी. माल्बेक ओळखायची ही खूणच मानतात. कॅबर्ने ह्या दुसऱ्या काळ्या द्राक्षाच्या वाइनचा काठ इतका जांभळट नसतो.

"हे तं जांभयाचं सरबत दिसते," आबा म्हणाले. मग एक घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि जीभ टाळूला घासली. "पाव्हने, कच्चं केय चावल्यावानी झालं ना भो!"

वाइनचं पुस्तक उभ्या जन्मात न वाचलेल्या माणसानं टॅनिनची इतकी नेमकी व्याख्या केली की मी पुढचे दोन दिवस तिच्यावरच विचार करत होतो. कच्च्या केळ्यात जे तोंड आवळतं तेही टॅनिनच. केळीच्या चिकाचे डाग शर्टावरून जात नाहीत, त्यातही ह्याच कुळातली द्रव्यं असतात. यावल-रावेरच्या केळी कापणाऱ्या मजुराचे कपडे बघा, सगळे तपकिरी डागांचे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ टाळूला घासायला लागते. म्हणजे तुरट ही जिभेला लागणारी चव कमी आणि स्पर्श जास्त. केळं पिकतं तेव्हा टॅनिन कुठं पळून जात नाही, त्याचे रेणू एकमेकांत जुळून मोठे होतात, लाळेत विरघळेनासे होतात, म्हणून पिकलेलं केळं आवळत नाही. माल्बेकच्या बाटलीतही असंच काहीसं होतं. मुरत जाते तशी टॅनिनची धार बोथट होत जाते. आबांना दिलेली बाटली जेमतेम तीन वर्षांची होती. तिचं म्हणणं ऐकायचं तर आधी पोटात काहीतरी हवं होतं.

ते भरतानं केलं. पुरीचा तुकडा भरताला लावून तोंडात घालायचा आणि मग घोट. शेंगदाणा आणि तेलाचा ओशटपणा टॅनिनला अडकवून ठेवतो. अर्जेंटिनात हेच काम निखाऱ्यावर भाजलेलं गोमांस करतं, तिथं माल्बेक त्याशिवाय पीतच नाहीत म्हणा ना. पण खरी गंमत धुराची. वाइन ज्या ओकच्या पिंपात मुरवतात ते पिंप आतून आगीवर शेकलेलं असतं. शेकलेल्या लाकडातून जी धुरकट द्रव्यं वाइनमध्ये उतरतात त्यातलं ग्वायाकॉल लाकडाच्या कुठल्याही धुरात सापडतं, पऱ्हाटीच्याही. त्यामुळं भरीत आणि ही वाइन एकमेकांना परकी वाटत नाहीत. भांडण झालं ते मिरचीशी. अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं, कमी करत नाही. भरतात मिरची जरा हात राखून घातली होती म्हणून निभावलं. शेवभाजीबरोबर ही वाइन घेऊ नये. काळ्या मसाल्याचा तो लाल तवंग आणि साडेचौदा टक्के अल्कोहोल एकत्र आले की ना शेवभाजी कळते ना वाइन, नुसता घाम.

बाटलीच्या लेबलवर मळ्याची उंची लिहिलेली होती, 1,300 मीटर. वाइनवाले उंचीचा टेंभा हल्ली फार मिरवतात. अर्जेंटिनातल्याच साल्ता प्रांतातल्या कोलोमे ह्या वाइनवाल्यांच्या एका मळ्याचं नावच 'आल्तुरा मॅक्सिमा' आहे आणि तो 3,111 मीटरवर आहे. आबांनी पुतण्याकडून आकडा ऐकला आणि शेतकऱ्याचाच प्रश्न विचारला. "इतक्या वर कायले लावतात? खाली जमीन नाही का?"

खाली जमीन आहे. पण खाली ऊन आहे. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. वाळवंटी मुलखात कोरड्या हवेमुळं रात्र आणखीच गार पडते. ऊको खोऱ्यात दुपारी 30 आणि पहाटे 12 असं सर्रास होतं. द्राक्ष दिवसा साखर भरतं. रात्री उकाडा असला तर ते श्वासोच्छ्वासात स्वतःचं आम्ल जाळत बसतं, गार पडली तर आम्ल शाबूत राहतं. म्हणून उंचावरची माल्बेक अंगानं भरलेली असूनही पचपचीत गोडसर लागत नाही, शेवटी जिभेच्या कडेला आंबट चिमटा काढते. दुसरं, वर हवा विरळ, त्यामुळं अतिनील किरण जास्त. द्राक्षाची साल त्यांच्यापासून बी वाचवायला जाड होते, रंगाची आणि टॅनिनची द्रव्यं सालीत जास्त साठवते. ग्लासातला तो काळा रंग म्हणजे उन्हापासून केलेला बचाव आहे.

हे ऐकून मंडळी लगेच तोरणमाळला पोचली. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या माथ्यावर, साधारण 1,150 मीटर. म्हणजे उंचीच्या हिशेबात आपलं तोरणमाळ थेट ऊको खोऱ्यात बसतं. मग लावा की तिथं माल्बेक! मला हा हिशेब मोडताना वाईट वाटलं. जून ते सप्टेंबर तोरणमाळ ढगात असतं. यशवंत तलावाच्या काठावर उभं राहिलं तर पलीकडचा काठ दिसत नाही. अशा ओलाव्यात वेलीवर डावणी हा बुरशीचा रोग येतो आणि पान हातात राहत नाही. शिवाय आपण 21 अंश अक्षांशावर. इथं वेल हिवाळ्यात झोपतच नाही. म्हणून तर आपल्याकडचे बागायतदार एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी करून तिला हिशेबात आणतात. मेंडोसा 33 दक्षिणेला. तिथं जून-ऑगस्टात वेल नुसता लाकडाचा सांगाडा होऊन उभा असतो आणि मार्च-एप्रिलात द्राक्षं खुडतात. नुसत्या मीटरनं काही होत नाही.

माल्बेक मुळात मेंडोसाच्या डोंगरांची नाहीच. नैर्ऋत्य फ्रान्समध्ये लॉत नदीच्या काठी काओर नावाचं गाव आहे, तिथली ती. तिथं तिला कोत म्हणतात आणि मध्ययुगात तिथली वाइन 'काळी वाइन' म्हणूनच विकली जायची. दोमिंगो सार्मियेंतो, जो पुढं अर्जेंटिनाचा अध्यक्ष झाला, त्याच्या आग्रहावरून मिशेल एमे पुजे हा फ्रेंच कृषितज्ज्ञ मेंडोसात आला आणि 1853 साली तिथल्या नव्या कृषिशाळेसाठी फ्रान्समधल्या काड्या लावल्या. 17 एप्रिल हा दिवस आता जगभर माल्बेक दिन म्हणून साजरा होतो तो ह्या कृषिशाळेच्या प्रस्तावाच्या तारखेवरून. त्यानंतर काही वर्षांत फ्रान्समध्ये फिलॉक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीनं मळेच्या मळे संपवले, आणि 1956 च्या फेब्रुवारीतल्या हिमकडाक्यात काओरला उरलेलं बरंचसं गेलं. मेंडोसात मात्र आजही असंख्य वेली खुंटावर कलम न करता स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. आपल्या नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला हे सांगितलं तर त्याला खरं वाटणार नाही, डॉगरिजच्या खुंटाशिवाय त्याचं पान हलत नाही.

उंचीचं वेड त्यामानानं कालचं. मेंडोसाचे वाइनवाले निकोलास कातेना ह्यांनी 1992 च्या सुमारास ऊको खोऱ्यातल्या ग्वालतायारीला जवळजवळ 1,450 मीटरवर मळा लावला तेव्हा तिथं द्राक्ष पिकणारच नाही असं जाणकार सांगत होते. ते पिकलं, आणि मग सगळेच वर सरकले.

आबांना ह्या इतिहासात रस नव्हता. त्यांचा पुढचा प्रश्न तयार होता आणि मला वाटतं माल्बेकबद्दल विचारण्यासारखा तोच एक प्रश्न आहे. "पानी कुठून येते?"

मेंडोसाला वर्षाला साधारण 200 मिलिमीटर पाऊस पडतो. जळगावला 700 च्या आसपास पडतो आणि आपण दर दोन वर्षांनी दुष्काळाचं निवेदन देतो. पॅसिफिकवरून येणारे ढग अँडीजच्या पलीकडच्या उतारावरच रिकामे होतात, अलीकडं येतो तो सोंदा नावाचा कोरडा गरम वारा. मेंडोसात पाणी येतं ते डोंगरावरचा बर्फ वितळून, चार-दोन नद्यांतून. त्या नद्यांचं पाणी पाटांनी पसरवलेलं आहे. ह्या पाटांना तिथं असेकिया म्हणतात आणि त्यांची सुरुवात स्पॅनिश लोक येण्याच्या आधी, तिथल्या वार्पे आदिवासींनी केली. मेंडोसा शहरात आजही रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी उघड्या असेकिया वाहतात आणि त्यांच्यावर झाडं जगतात. सगळ्या प्रांतातली पाच टक्क्यांहूनही कमी जमीन भिजते. बाकी सगळं काटेरी झुडपांचं वाळवंट.

पाणी इतकं मोजकं असलं की कायदा आपोआप कडक होतो. 1884 साली तिथं पाण्याचा कायदा झाला आणि तो आजही पाया मानला जातो. त्याचं मुख्य कलम शेतकऱ्याला सांगितलं तर तो मान डोलावेल. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला. जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर जाणार, पाणी वेगळं काढून विकता येणार नाही. प्रत्येक पाटाचा निरीक्षक त्या पाटाचे लाभधारक मतदान करून निवडतात. आणि ज्याच्या हातात दारं उघडायची-बंद करायची किल्ली, तो तोमेरो. तो सायकलवरून, मोटारसायकलवरून पाटाकाठानं फिरतो आणि ज्याची पाळी त्याच्या शेतात पाणी सोडतो.

हे वाचलं तेव्हा मला मेंडोसा परकं वाटेनासं झालं. माझं मूळ गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी, आणि आमच्याकडं हाच माणूस पाटकरी होता.

पांझरा आणि मोसम नद्यांवरची फड पद्धत निदान 300 वर्षांची जुनी. नदीवर ठिकठिकाणी दगडी बंधारे, प्रत्येक बंधाऱ्यातून एक पाट, पाटाखालची सगळी जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, जमीन कोणाचीही असो. एका फडात ऊस, दुसऱ्यात भुसार, तिसऱ्यात हंगामी काहीतरी, आणि दरवर्षी फेरपालट. प्रत्येक शेतकऱ्याचा थोडाथोडा तुकडा सगळ्या फडांत असायचा, त्यामुळं पाणी कमी पडलं आणि एखादा फड पडीक ठेवायची वेळ आली तर तोटा सगळ्यांचा सारखा. पाटकरी पाणी द्यायचा, जागल्या पिकाची राखण करायचा, दोघांची मजुरी धान्यात. इंजिन नाही, वीज नाही, पाणी आपल्या उतारानं जाणार. शेतकऱ्यानं स्वतः दार उघडायचं नाही हा मुख्य नियम. वडील आम्हाला सांगायचे, "पानी पाळीवर येस, तुना मनवर नई." पाळी रात्री दोनला आली तर पाटकरी रात्री दोनला कंदील घेऊन बांधावर असायचा आणि शेतमालक घरी झोपलेला असायचा. आज उलट झालंय. पाटकरी नाही, शेतीपंपाची वीज बऱ्याचदा रात्रीची, आणि बारं धरायला मालक स्वतः बॅटरी घेऊन जातो.

फड मोडले कशानं, ह्याची कारणं धुळ्यात कोणालाही विचारा. वर धरणं झाली, पाट कोरडे पडायला लागले, ज्याला परवडली त्यानं विहीर खणली. ज्याची स्वतःची विहीर तो बैठकीला कशाला येईल? पाटाचा गाळ काढायला तो माणूस कशाला देईल? मी नोकरीतली बरीच वर्षं पाण्याचे तक्ते भरण्यात घालवली आणि तिथंही लाभधारकांच्या संस्था कागदावर चिकार पाहिल्या. फडाची घडी मात्र एकदा विस्कटल्यावर कुठल्या परिपत्रकानं परत बसलेली पाहिली नाही.

आता उंचीवरच्या माल्बेककडं परत येऊ, कारण तिचा संबंध इथंच आहे. मेंडोसाचे जुने पाट सखल भागात आहेत; पाटाचं पाणी चढ चढत नाही. मग ग्वालतायारीच्या दगडगोट्यांच्या उतारावर, पाटाच्या वरच्या अंगाला, पाणी कसं पोचलं? ठिबकनं. बोअर घेतला, पंप बसवला, शेततळ्यात साठवलं आणि नळ्यांतून थेंब थेंब सोडलं. 1990 नंतर ठिबक आलं नसतं तर ऊको खोऱ्याचा वरचा उतार आजही झुडपांचा असता. लेबलवर उंची छापतात, ठिबकचा उल्लेख करत नाहीत. मला विचाराल तर ठिबक आधी छापायला हवं. यावल तालुक्यातल्या माणसाला ते लगेच कळेल. इथली केळी ठिबकवर, तिला रोज किती तास पाणी द्यायचं हे पोरंसोरं सांगतात, आणि ठिबकच्या नळ्या जगभर पाठवणारी जैन इरिगेशन जळगावचीच.

जमीनही तीच. म्हणजे तिची जात तीच. सातपुड्याच्या पायथ्याला डोंगरातून वाहून आलेल्या गोट्यांचा आणि वाळूचा जाड थर आहे. त्यातून पाणी झरझर खाली जातं आणि खोल साठतं. अँडीजच्या पायथ्याला तसाच थर पंख्यासारखा पसरलेला. गोट्यांच्या जमिनीत वेलीच्या मुळांना खोल जावं लागतं, पाणी थांबत नाही, वेल उगाच पाला वाढवत नाही. द्राक्षं लहान राहतात. लहान द्राक्षाला रसाच्या मानानं साल जास्त, आणि साल जास्त म्हणजे रंग, टॅनिन, सगळंच जास्त. आमच्याकडं त्याच जातीच्या थरातून आम्ही केळी काढतो. केळीचं उलटं, तिला वर्षाला 1,200 ते 2,200 मिलिमीटर पाणी लागतं. जिथं पाऊस 700, तिथं उरलेलं सगळं जमिनीखालून. आबांची विहीर त्यांच्या वडिलांनी खणली तेव्हा मोटेनं पाणी काढत. आता त्याच वावरात बोअर आहे आणि पाणी कितव्या फुटावर लागतं हा विषय लग्नातसुद्धा निघतो. सातपुड्याच्या पायथ्याशी तापीचं पाणी मुरवायच्या महापुनर्भरण योजनेच्या बातम्या येतात, त्या आबा चष्मा लावून दोनदा वाचतात.

मेंडोसातही सगळं आलबेल नाही. 2010 पासून अँडीजवर वर्षानुवर्षं बर्फ सरासरीहून कमी पडला. भूजलाच्या काही पट्ट्यांत नवा बोअर घ्यायला निर्बंध आहेत. वर ठिबकवाल्याला पाटाच्या बैठकीला जाण्याची गरज नाही, हा आमच्या विहिरीवाल्याचाच किस्सा तिथंही. तरी एक गोष्ट मला त्या लोकांची आवडते. 2019 च्या डिसेंबरात तिथल्या सरकारनं खाणींमध्ये सायनाइडसारख्या रसायनांवरची बंदी उठवणारा कायदा केला. बंदी होती ती पाणी नासू नये म्हणून. लोक रस्त्यावर उतरले, 'मेंडोसाच्या पाण्याचा सौदा होणार नाही' अशा घोषणा देत. त्यात गावोगावचे लोक होते, मळेवाले होते, आणि द्राक्षाच्या सुगीच्या उत्सवावरही बहिष्काराची भाषा सुरू झाली. महिना संपायच्या आत सरकारला कायदा मागं घेऊन जुनी बंदी परत आणावी लागली. ज्या गावात पाण्याची पाळी लावायची सवय आहे तिथंच अशी एकी होते, असं माझं मत. वडील असते तर म्हणाले असते, मत कशाला, सरळ आहे.

ह्या सगळ्या गप्पांत बाटली संपली होती. तिच्या तळाशी जांभळट गाळ बसला होता. आबांनी ग्लास उलटा करून तो जाळाच्या उजेडात नीट पाहिला आणि खतात टाकला तर चालेल का विचारलं. चालेल.

दुसरी बाटली तशीच आहे, परत भाजीच्या कप्प्यात. पुतण्याशी बोलणं झालंय, पुढच्या खेपेला तो एक काओरची आणणार आहे. तीच जात, मूळ गावची, पावसाच्या मुलखातली, फार उंचावरची नाही. पुढच्या डिसेंबरात दोन्ही एकाच बडगीतल्या भरताबरोबर, शेजारी शेजारी. काओरची वाइन तरुणपणी जास्त तुरट आणि करडी असते, तेव्हा कच्च्या केळ्याचा आणखी एक नमुना आबांपुढं येईल. खर्चासाठी वर्गणी काढायचं ठरलंय. मेहुणे वांगी देणार. आबा वर्गणी देणार नाहीत. म्हणाले, पऱ्हाट्या माझ्या वावरातल्या आहेत ना?